पाठ आणि भिंत यांच्यामधली जागा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून कोण गेलं असं तुला वाटलं असेल, म्हणून आधीच सांगतो, सगळे जिवंत आहेत. फोन सोडून पत्र का, तर आप्पा आमच्याकडे राहायला आलेत आणि त्यांना घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर लागतो. कानात कुजबुजणारा माणूस पाठीतून वाकतो, असं त्यांचं मत आहे. तेव्हा उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

ते आले माझ्या कमरेसाठी. दिवसभर बाकावर ओणवं होऊन लोकांच्या कवळ्या घासायच्या म्हणजे कंबर कधीतरी कुरकुरणारच. गेल्या महिन्यात एका म्हातारबुवांची दुरुस्त कवळी त्यांच्या हातात द्यायला वाकलो तो तसाच राहिलो. बिचारे बोळक्या तोंडानं मला सरळ करू बघत होते आणि मी वाकल्या वाकल्या त्यांना सांगत होतो की आधी दात घाला, मग बोला.

हे कळल्यावर आप्पा ट्रंक घेऊन हजर. ऐंशी उलटली, पण गवंड्यानं ओळंबा विसरावा आणि यांना शेजारी उभं करावं अशी पाठ. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, ती अंगातून उतरलेली नाही. आल्या आल्या माझी गादी बाहेर काढली. फळी कुठे मिळेना, म्हणून आमच्या झोपायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, विटांवर ठेवलं आणि मला त्यावर निजवलं. कडी काढायची राहिली होती, ती माकडहाडानं शोधून दिली. तुझी वहिनी म्हणते, नवरा दारावर आणि दाराच्या जागी सासरे, असा हा संसार.

संध्याकाळी भिंत. तीच लहानपणची तऱ्हा, फक्त भिंत या घरातली. टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे, डोकं, सगळं टेकवून आकडे मोजत उभं राहायचं आणि आप्पा कमरेमागून हात घालून बघणार. हात गेला तर उभा राहा, नाही गेला तर जेवायला ये. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेला बाप्या मी, पण ताई, पहिल्याच दिवशी हात गेला नाही. आप्पा शाबास म्हणाले. शाळेत पहिला आलो तेव्हाही म्हणाले नव्हते.

दुखणं थोडं उतरल्यासारखं वाटतं. डाव्या पायात मुंग्या येतात, पण आप्पा म्हणतात, रक्त फिरायला लागलं की असंच होतं. तुझा लोभ आहेच, तो असाच पाठीशी राहू दे.

तुझा
काटकोन

*

११ जून

चि. काटकोनास,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीला त्यातला मोठा वाटा.

पाठचा भाऊ आहेस, तेव्हा पाठीची चौकशी करायचा हक्क माझा. आप्पांनी तो आधी बजावला याचं वाईट वाटलं.

माझीही कंबर धरली होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. गाड्यांच्या सीटा शिवायच्या म्हणजे दिवसभर मशिनीवर वाकणं आणि मधूनमधून अख्खा बाक उचलणं. शेवटी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनीही मला भिंतीला टेकून उभं केलं. म्हटलं, झालं, ही आप्पांच्याच शाळेतली दिसते. त्यांनी कमरेमागून हात घातला, तो अलगद गेला, आणि त्या छान म्हणाल्या. मी त्यांना पुन्हा विचारलं. पुन्हा छानच म्हणाल्या. मला रडू का आलं ते त्यांना कळलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. पाठीचा कणा सरळसोट नसतोच. मानेशी पुढे, पाठीशी मागे, कमरेशी पुन्हा पुढे अशी त्याला जन्माची वळणं असतात, आणि ती आहेत म्हणून तो भार झेलतो. कमरेचं वळण रोज दाबून सपाट केलं की मणक्यांमधल्या गाद्या पुढून चेपतात आणि मागे फुगतात, आणि मागेच पायांकडे जाणाऱ्या नसा असतात. म्हणून ती जागा मिटवायची नसते. तिला आधार द्यायचा असतो.

तेव्हा सोबतच्या पार्सलात मी शिवलेली एक छोटी उशी आहे. बसलास की पट्टा येतो त्या उंचीवर, पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये ठेव. घट्ट फोम घातलाय, बसकण मारणार नाही. बाक उंच करून घे, म्हणजे कवळी तुझ्यापर्यंत येईल, तुला तिच्यापर्यंत जावं लागणार नाही. पावलं जमिनीला पूर्ण टेकव. मधूनमधून ऊठ. त्या दारावरून उतर, गादी घाल आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी ठेव.

मोडेन पण वाकणार नाही, हे आप्पांचं वाक्य आपण अक्षरओळखीच्या आधी शिकलो. त्यात मोडायची तयारी आधीच करून ठेवलेली आहे, हे कुणी बघत नाही. मला दहाव्या वर्षी मावशीकडे पाठवलं म्हणून माझं वळण वाचलं. तू त्या भिंतीला राहिलास.

मुंग्यांकडे लक्ष ठेव. पहिल्यांदा येतात त्या नुसत्या जागा बघायला येतात.

माया कमी होणार नाही, कळवण्यात आळस मात्र करू नकोस.

तुझी
ताई

*

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशी पोचली. दुकानातल्या खुर्चीला बांधली आणि टेकलो. इतकी वर्षं जिथे काहीच नव्हतं तिथे कुणीतरी हात ठेवल्यासारखं झालं. हात घालून बघणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात एक पूर्ण कवळी एका बैठकीत घासून संपवली आणि उठताना आई गं म्हणालो नाही. बाकाखाली ठोकळे घातले. मुंग्याही कमी झाल्या होत्या.

मग आप्पा दुकानात आले. सांगून येत नाहीत ते. दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. उशी सोडवून काखेत मारली आणि घरी गेले. घरी दाढीच्या पात्यानं तुझी शिवण एक एक टाका उसवली, कापड कुठे फाटू दिलं नाही, आणि थोरलीचा हात सफाईदार आहे म्हणून तुझं कौतुकही केलं. आतला फोम माझ्या दाराच्या एका विटेखाली घातलाय, तिथे ते डुगडुगत होतं. तेव्हा तुझा आधार आहेच, फक्त दाराला.

रविवारी घरातल्या खुर्च्यांच्या पाठी करवतीनं उतरवल्या. टेकायला मिळालं की माणूस टेकतो, असं म्हणाले. कापलेल्या पाठी भिंतीशी नीट रचून ठेवल्यात. मी करवतीचं दुसरं टोक धरलं होतं. का, ते विचारू नकोस.

मी उभा राहतो तिथे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडलाय. त्याच्या बराच खाली आणखी एक पुसटसा दिसतो. रंगाचा दोष असावा.

एक गंमत. काल दुकानात पोचलो तर डाव्या पायात चप्पल नाही. कुठे निसटली, कळलंच नाही. आप्पांना सांगितलं, तर पाऊल कडक होत चाललंय म्हणाले, खडा टोचत नाही हे चांगलं लक्षण. शोधायला मागे गेलो तेव्हा एक कुत्रं ती चघळत होतं. त्याचे दात उत्तम आहेत.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझा
काटकोन

*

३० जून

चि. काटकोनास,
आशीर्वाद. थट्टा पुढच्या पत्रात.

चप्पल निसटलेली कळली नाही, ही गंमत नाही. मी त्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे तुझं पत्र घेऊन गेले. कुत्र्यापर्यंत वाचून झाल्यावर त्या हसल्या नाहीत.

काल न राहवून घरी फोन केला. आप्पांनी घेतला. उत्तम आहे म्हणाले. तुला द्या म्हटलं, तर तू उभा आहेस म्हणाले. मागे बारीक आवाजात कुणीतरी आकडे मोजत होतं. तुझा आवाज इतका बारीक नाही.

आता नीट वाच. टाचांवर चालून बघ, चवडा उचलला जातो का. जात नसेल तर उद्याच डॉक्टर. आणि बसायच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटलं, लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, तर त्याच क्षणी हॉस्पिटल, कोणाला न विचारता. नस फार काळ दाबलेली राहिली तर पुढे कितीही मोकळी केली तरी पायात जीव परत येईलच असं नाही. हे बाईंचे शब्द आहेत. मी त्यात तिखटमीठ लावलेलं नाही, आणि तुला ठाऊक आहे, ते माझ्या स्वभावात नाही असं नाही.

डॉक्टरांना सगळं सांग. मुंग्या, चप्पल, सगळं. आणि आप्पांना बरोबर नेऊ नकोस. एवढं एकच मागणं माझं.

काळजीत आहे, लोभात तर आहेच.

तुझी
ताई

*

९ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी दुकानातून आणून मला वाचायला दिलं. यांच्याकडून पुढचं लिहून होणार नाही, म्हणून मी लिहिते.

डॉक्टरांकडे गेलो. यांना घेऊन मी गुपचूप निघाले होते, पण जिन्याखाली मामंजी बूट घालून, काठी न घेता, उभे होते. कुणी सांगितलं मला माहीत नाही. आमच्या घरात आता न सांगता सगळं कळतं.

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी यांना सैल उभं राहायला सांगितलं. ताई, यांना सैल म्हणजे काय ते ठाऊक नाही. हे सावधानमध्ये उभे राहिले. डॉक्टरांनी टाचांवर चालायला सांगितलं, तर यांनी कमरेतून पाय उचलून असा आपटला की तिथल्या नर्सबाई वळून बघायला लागल्या. मामंजी दारापाशी हळू आवाजात डावा उजवा म्हणत होते. बधिर वाटतं का, म्हणून विचारल्यावर यांनी आधी मामंजींकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि नाही म्हणाले. मी मध्येच चपलेचं सांगितलं. मामंजी हसले, म्हणाले, सुनेचा जीव चपलेत अडकलाय. मग डॉक्टरही हसले. त्यांच्याकडे दिवसभर वेडीवाकडी माणसं येत असतील. असा ताठ माणूस बघून त्यांनाच बरं वाटलं असावं. शेकायला सांगितलं आणि पाठ उत्तम आहे म्हणाले. मामंजी घरी येईपर्यंत तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसरं म्हणजे तो खालचा डाग. हे म्हणतात रंगाचा दोष. मी साबणानं पुसला, पुन्हा आला. तो आमच्या मुलीच्या उंचीवर आहे. तिला कुणी उभं करत नाही, ताई, हेच मला खातं. शाळेतून आली की दप्तर ठेवते आणि आपण होऊन जाऊन उभी राहते. आकडे म्हणते. तुम्ही फोनवर ऐकलेत ते तेच. आजोबांनी एकदा शाबास म्हटलंय तिला.

मला यांच्याशी दार लावून चार शब्द बोलायचे आहेत. पण दार नाही.

तुमची माया आम्हा तिघांवर राहू द्या. जमल्यास लवकर.

आपली
वहिनी

*

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. काळजी नसावी. डॉक्टरांनी पाठ उत्तम असल्याचे सांगितले. दुखणे थांबले आहे. दुकान काही दिवस बंद ठेवले आहे.

कालपासून स्टुलावर बसलो तर खाली स्टूल आहे हे कळत नाही. आप्पांनी यास प्रगती म्हटले. ज्यास टेका जाणवत नाही त्यास टेका लागत नाही. पाणी कमी पितो, कारण प्यायलेले बाहेर येण्याचे मनावर घेत नाही. तेही सवयीने जमेल.

हे पत्र आप्पांनी वाचले. अक्षर प्रथमच सरळ आल्याचे म्हणाले.

कळावे, लोभ असावा.

तुझा आज्ञाधारक
भाऊ

ता. क. पाकीट मी बंद करतोय. ताई, ये.

*

२३ जुलै

चि. थोरलीस,
आशीर्वाद.

त्याचे पत्र मिळताच तू फोन करून हॉस्पिटलची गाडी माझ्या दारात उभी केलीस. मला विचारले नाहीस. दोन माणसांनी त्याला निजायच्या दारावरून उचलून नेले. मी सांगितले असते तर तो चालत गेला असता. त्याने प्रयत्नही केला. पाय ऐकत नव्हते, हा पायांचा दोष आहे.

ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला, पायांत जीव येईल की नाही ते आज सांगता येत नाही. हे सांगणाऱ्या डॉक्टरांना स्वतःला पोक आहे. अशा माणसाने दुसऱ्याच्या पाठीबद्दल बोलावे हे मला पटले नाही, पण काळ तसा आहे. माझ्या वडिलांनी मला असेच उभे केले. मी मोडलो नाही. सगळे मोडत नाहीत.

मी रोज दुपारी त्याला भेटायला जातो. तो उताणा असतो. हलत नाही, कण्हत नाही. नर्सबाईंनी त्याच्या गुडघ्यांखाली एक मऊ उशी ठेवली होती, ती मी काढून खुर्चीवर ठेवली. काल त्या बाहेर गेल्या असताना त्याच्या कमरेखाली हात घालून पाहिला. गेला नाही. त्याला तसे सांगितले आणि शाबासही म्हटले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. समाधानाचे असावे.

तू इतक्या लांबून आलीस, हॉस्पिटलात आठवडाभर राहिलीस, आणि मला न भेटता पोरीला घेऊन गेलीस. तिची शाळा बुडते आहे. तिला परत पाठव. इथे भिंत आहे, मी आहे. तसे तिच्याकडे बघावे लागत नाही. तिच्या बापाला सांगावे लागे. तिला सांगावे लागत नाही.

तुझ्या पाठीत लहानपणी हात जायचा, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा तुला मावशीकडे पाठवू दिले, ही माझी ढिलाई झाली.

प्रकृतीस जपावे. ताठ राहावे.

आप्पा

*

२ ऑगस्ट

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलल्यासारखा वाटला, हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागदाला घडी राहिली नाही. नुसतं वाटलं की खरंच हलला, हे डॉक्टरांना नीट विचार. वाटण्यावर आपल्या घरात फार काही चाललंय.

गुडघ्यांखालची उशी रोज दुपारी खुर्चीवर जाते, हे नर्सबाईंना स्पष्ट सांग. सासऱ्यांबद्दल परक्यांशी कसं बोलायचं, हा प्रश्न आता सोड. त्याला कुशीवर वळवतील तेव्हा कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी आणि मांड्यांमध्ये उशी हवी. त्यांना ठाऊक असेलच, पण तू उभी राहून बघ. बसवायला लागतील तेव्हासाठी मी नवी पाठउशी शिवलीय. या वेळी दुहेरी टाका घातलाय. उसवायला बसेल त्याला जेवायला उठता येणार नाही.

खोलीचं दार तू सुताराला बोलावून परत बिजागऱ्यांवर चढवलंस आणि आतून कडी लावलीस, हे वाचून मला तुझी दृष्ट काढावीशी वाटली. आप्पा बाहेर पाठ नसलेल्या खुर्चीवर बसून त्या दाराकडे बघत असतात म्हणतेस. बघू देत. दार बंद असलं की दुसरं काय बघायचं असतं.

त्याला सांग, दुकानाची काळजी करू नकोस, लोक काही दिवस मऊ खातील. तो परत बसेल तेव्हा बाक त्याच्या उंचीचा असेल. तुमच्यावरची माझी माया अशीच वाकडीतिकडी राहो, तिला कुणी सरळ करायला घेऊ नये.

त्याला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

पोरगी जेवते, अभ्यास करते, माझ्याबरोबर कापड मोजते. तिच्यासाठी छोटी उशी शिवली, फुलाफुलांची. ती खुर्चीच्या कडेवर बसते आणि उशी मागे, पाहुणीसारखी, एकटी बसलेली असते. मी काही म्हणत नाही. बाई म्हणाल्या, घाई करू नका, पाठ हळूहळू विश्वास ठेवायला लागते.

काल सकाळी मी फोम कापत होते. मागे वळून बघते तर कारखान्यातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाली ठेवलेलं, आणि रेक्झिनच्या दोन गुंडाळ्यांच्या मध्ये, खिळ्याच्या खाली, ही उभी. मला म्हणाली, आत्या, हात घालून बघ ना. वहिनी, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, हीच वेळ. हात घालायचा, तो अलगद जाईल, आणि त्या बाईंनी मला म्हटलं तसं हिला छान म्हणायचं. मी कात्री ठेवली, हात पुसला, तळवा सपाट करून तिच्या कमरेमागे नेला.

गेला नाही. बोटांची टोकंसुद्धा गेली नाहीत. तिनं श्वास धरलेला होता आणि ती हसत होती. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. तर मान न वळवता तिनंच विचारलं, की हे आजोबांना आज कळवशील की उद्या.

तुझी
ताई